गरम ठिपका म्हणजे डुक्कर नव्हे

गाडीच्या काचेतून थर्मलला, म्हणजे अंगातल्या उष्णतेवरून अंधारात जनावर दाखवणाऱ्या दुर्बिणीला, काहीही दिसत नाही. यंत्र हातात आलं त्या रात्रीच हे कळलं. पौषातली थंडी, त्यामुळं बांधावर कुडकुडण्यापेक्षा गाडीत बसून, काचा वर करून शिवार न्याहाळावं असा माझा बेत होता. स्क्रीनवर दिसला तो काचेत उमटलेला माझाच धूसर चेहरा, आणि त्याच्या पलीकडं काही नाही. आपल्या डोळ्यांना दिसणारा उजेड काचेतून आरपार जातो. थर्मलला लागणारे ८ ते १४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचे उष्णतेचे किरण मात्र साधी काच अडवते. म्हणून या यंत्रांची भिंगं काचेची नसतात, जर्मेनियमची असतात. समोरून पाहिलं तर काळपट, चकचकीत, आणि आपल्या डोळ्यांना त्यातून पलीकडचं काही दिसत नाही. यंत्र महाग असण्याचं तेही एक कारण. मी एका चांगल्या दुभत्या म्हशीचे पैसे मोजले, आणि घरच्यांनी महिनाभर ती म्हैस मला ऐकवली.

माझं रान सोलापूर-बार्शी रस्त्यावर, नान्नजच्या अलीकडं. बाहेरच्या लोकांना नान्नज माहीत असतं ते माळढोक अभयारण्यामुळं किंवा सोनाका द्राक्षांमुळं. आम्हाला ते रानडुकरांमुळंही माहीत आहे. पूर्वी हा सगळा माळ आणि कोरडवाहू ज्वारीचा मुलूख होता, डुकराला दिवसा लपायला जागा नव्हती. शेततळी झाली, बोअर झाले, ऊस आला, आणि उसाबरोबर डुकरांना बारमाही घर मिळालं. दिवसभर उसात पडून राहायचं आणि रात्री शेजारच्या मक्यात नाहीतर भुईमुगात उतरायचं. भुईमुगात एक कळप घुसला की सकाळी रान नांगरल्यागत दिसतं. बांधाला जुन्या साड्या बांधून झाल्या, न्हाव्याकडचे केस टाकून झाले, फटाके झाले. माळ्यावर बसून डबे वाजवायची जागल तर वडिलांच्या काळापासून चालू आहे. डबा वाजवला की डुकरं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातात, एवढाच फरक.

थर्मलचं वेड डोक्यात घातलं टेक्सासातल्या चुलतभावानं. तो तिकडं डुकरांची शिकार करतो. युरोपी लोकांनी सोळाव्या शतकापासून नेलेली पाळीव डुकरं मोकाट झाली, पुढं शिकारीसाठी आणलेल्या रानडुकरांशी त्यांची सरमिसळ झाली, आणि आता तिथल्या शेतकऱ्यांना ती नको झाली आहेत. जात आपल्याकडच्या रानडुकराचीच. पण आपल्याकडं ते इथलं मूळचं जनावर आहे आणि तिकडं उपरं, त्यामुळं कायदाही उलटा. टेक्सासात खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीनं मोकाट डुकरं मारायला २०१९ पासून शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही, आणि रात्री मारायलाही आडकाठी नाही. म्हणून तिथं रायफलवर थर्मल दुर्बीण बसवणं ही रोजची गोष्ट.

त्यानं मला व्हिडिओ कॉलवर त्याची रायफल जुळवताना दाखवली होती. तो प्रकार मजेशीर आहे. साध्या दुर्बिणीची जुळणी करताना कागदावर काळा गोल काढून त्यावर नेम धरतात. थर्मलला तो गोल दिसतच नाही, कारण कागद आणि शाई एकाच तापमानाला असतात. मग तो कागदाच्या मधोमध हात शेकायची गरम पुडी चिकटवतो, किंवा चकचकीत फॉइलचा तुकडा लावतो. फॉइल आकाशाचा गारवा परावर्तित करतं, त्यामुळं स्क्रीनवर ते काळं दिसतं. शंभर यार्डांवरून गोळी झाडायची, ती कुठं लागली ते पाहायचं, चित्र गोठवायचं आणि पडद्यावरची नेम धरायची फुली त्या भोकावर नेऊन ठेवायची. परत झाडून खात्री करायची. दुर्बीण काढून पुन्हा बसवली की हे सगळं परत तपासायचं. रात्रीच्या अंधारात गोळी चार बोटं इकडं की तिकडं जाते हे कळायला दुसरा मार्ग नाही, असं तो म्हणतो.

हे ऐकून आमच्या शेजारच्या आबांचे डोळे चमकले. आबांकडं त्यांच्या वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. शस्त्र कायद्यात असा परवाना खरंच आहे. प्रत्येक निवडणुकीत ती पोलीस ठाण्यात जमा होते, निकालानंतर परत येते, आणि मधल्या काळात भिंतीवर असते.

“आरं, मग बसव की हे माझ्या बंदुकीवर,” आबा म्हणाले.

“आबा, तुमच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत. पन्नास पावलांपलीकडं छर्रा कुठं जाईल ते तुम्हाला तरी सांगता येतंय का? तिला दुर्बीण काय करायची?”

“आवाज तर हुईल?”

आवाजाला फटाका पुरतो. आणि खरा मुद्दा वेगळाच होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ९ नुसार शिकार बंद आहे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबाबत कलम ११ मध्ये तरतूद आहे, पण तीही मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानं. आपलं रान, आपलं पीक, म्हणून आपणच ठरवायचं, असं तिथं कुठंही लिहिलेलं नाही. आबांना हे माहीत नव्हतं असं नाही. सगळ्या शिवाराला माहीत आहे. तरी मी यंत्र घेतलं ते हातात धरून बघायचं, बंदुकीवर बसायची सोय नसलेलं, पुण्याच्या दुकानातून रीतसर पावती घेऊन.

आता वापरायला शिकण्याबद्दल. पहिले काही दिवस मी त्यातले रंग बदलण्यात घालवले. गरम ते पांढरं, गरम ते काळं, गरम ते लाल, आणि एक निळा-जांभळा-पिवळा असा लग्नाच्या मांडवाला शोभेल असा प्रकार. शेवटी गरम ते पांढरं यावर स्थिरावलो. फार वेळ बघायचं असेल तर गरम ते काळं डोळ्याला सुसह्य पडतं. दर काही मिनिटांनी यंत्र आतून ‘टक’ करतं आणि चित्र क्षणभर थांबतं. सुरुवातीला वाटलं बिघडलं. ते बिघडणं नव्हे. आतल्या सेन्सरच्या हजारो बारीक बिंदूंवर एक पडदा टाकून यंत्र त्यांना पुन्हा एका पातळीवर आणतं. नेमकं डुक्कर उसातून बाहेर पडताना हा टक होतो, असा माझा अनुभव. तो आवाज शांत रात्री जनावराला ऐकू जात असेल का, यावर मी बराच विचार केला आहे.

सोलापूरच्या मातीनं मात्र मला जास्त शिकवलं. पौष-माघात, पहाटेचा गारवा असताना, यंत्र अप्रतिम चालतं. थंड काळ्या रानात सशाचे कानसुद्धा वेगळे उठून दिसतात. पांदीच्या रस्त्यावर बसलेला रातवा, बाभळीच्या फांदीवरचं घुबड, माळावर एकमेकांपासून अंतर ठेवून बसलेली काळविटं, सगळं स्वच्छ. तेच चैत्र-वैशाखात, पारा चाळीसच्या वर गेलेल्या दिवसानंतर रात्री नऊ वाजता बघा. बांधाचे दगड तापलेले, ढेकळं तापलेली, विहिरीचा कठडा तापलेला, आणि जनावराची कातडीही साधारण तेवढ्याच तापमानाची. स्क्रीनभर पांढऱ्या दगडांचा बाजार, त्यात डुक्कर कोणतं? थर्मल उष्णता बघत नाही, उष्णतेतला फरक बघतं. फरकच नसला तर म्हशीची किंमत फुकट. उन्हाळ्यात म्हणून मी रात्री दोननंतरच यंत्र काढतो, तोवर रान थोडं निवलेलं असतं. पाऊस पडून गेला की वेगळी गत. सगळं ओलं, सगळं एका तापमानाचं, चित्र धुवट.

पिकाचंही तसंच. थर्मल म्हणजे आरपार दिसणार, असं गावात पसरलं होतं. उसाच्या फडात पहिल्या दोन-तीन सरींपलीकडं काही दिसत नाही. मालदांडी ज्वारी डोक्यावर गेली की त्यात हत्ती उभा असला तरी पानांच्या फटीतून पांढरे तुकडे तेवढे दिसतील. पान म्हणजे पडदा, आणि पडद्यामागचं थर्मलला दिसत नाही. उपयोग आहे तो मोकळ्या रानात, पिकाच्या कडेला, ओढ्याच्या पात्रात आणि कापणी झालेल्या वावरात.

दुकानातल्या डब्यावर मोठ्या अक्षरात ‘१२०० मीटर’ लिहिलेलं होतं. ते खोटं नाही, पण त्याचा अर्थ समजायला हिशोब करावा लागतो. माझ्या यंत्राचा सेन्सर ३८४ बाय २८८ बिंदूंचा, एक बिंदू १२ मायक्रॉनचा, भिंग २५ मिलिमीटरचं. याचा अर्थ शंभर मीटरवर एक बिंदू साधारण पाच सेंटिमीटर जागा व्यापतो. बाराशे मीटरवर तोच बिंदू ५८ सेंटिमीटरचा होतो. म्हणजे तिथं उभा असलेला माणूस एकावर एक तीन बिंदू. तीन बिंदूंवरून काहीतरी गरम आहे एवढं कळेल. तो माणूस आहे, कडब्याच्या गंजीशेजारची शेकोटी आहे की शेळी, हे कोणी सांगू शकणार नाही.

यावर अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये मांडलेला एक ठोकताळा आहे आणि अजूनही तोच वापरतात. आजच्या बिंदूंच्या भाषेत सांगायचं तर वस्तू आहे हे कळायला तिच्या उंचीवर दोन बिंदू पुरतात, ती कुठल्या प्रकारची हे कळायला आठ लागतात, आणि नक्की काय हे ओळखायला बारा-तेरा. पाऊण मीटर उंचीच्या डुकराला हे लावलं तर माझ्या यंत्रात ते साडेसातशे मीटरवर ‘काहीतरी’ म्हणून दिसतं, दोनशेच्या आत आल्यावर ‘चार पायांचं जनावर’ होतं आणि सव्वाशेच्या आसपास ‘डुक्कर’. ‘काहीतरी’ आणि ‘डुक्कर’ यांच्यामध्ये सहाशे मीटरचं अंतर आहे. ते अंतर यंत्र भरून काढत नाही. झूम केलं तर तेच बिंदू मोठे दिसतात, नवे येत नाहीत.

आणि आमच्या शिवारात त्या सहाशे मीटरमध्ये काय काय असतं ते सांगतो. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात निम्मं गाव रानात असतं. मोटर चालू करायची, पाटाचं पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायचं, म्हणजे दारं धरायची. दारं धरणारा माणूस कमरेत वाकलेला असतो. खोऱ्यानं माती ओढतो, चार पावलं पुढं सरकतो, परत वाकतो. घोंगडं पांघरलेलं असेल तर अंगातली उष्णता घोंगड्याआड, बाहेर दिसतो तो फक्त चेहरा आणि हात. तीनशे मीटरवरून थर्मलमध्ये हे काय दिसतं? बुटका, लांबट, थांबत थांबत सरकणारा पांढरा ठिपका. पिकाच्या कडेनं माती उकरत चाललेलं डुक्कर हुबेहूब असंच दिसतं.

आबांना मी हे मुद्दाम दाखवलं. रात्रीच्या लाईटीचा आठवडा होता. आम्ही दोघं माळ्यावर होतो आणि खालच्या अंगाला मक्याच्या कडेला असा ठिपका हलत होता. आबांच्या हातात यंत्र दिलं.

“डुक्कर हाय. नर हाय. एकटाच हाय,” आबा ठामपणे म्हणाले.

“थांबा जरा.”

बराच वेळ गेला. मग ठिपका उंच झाला, त्याच्या वरच्या टोकाला एक फार गरम, इवलासा बिंदू पेटला. बिडी. आबा काही बोलले नाहीत. ते त्यांचे जावई होते, पाणी द्यायला आलेले. त्या रात्रीनंतर बंदुकीवर बसवायचा विषय आबांनी काढला नाही. टेक्सासच्या भावाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तिकडं शे-दोनशे एकरांच्या कुंपणात रात्री मालकाशिवाय कोणी नसतं, तरी ओळख पटल्याशिवाय बोट घोड्यावर न्यायचं नाही हा पहिला धडा असतो. बघायला आधी हातातलं यंत्र वापरायचं, रायफल वर उचलायची नाही. नाहीतर नुसतं बघण्यासाठीच माणूस भरलेली नळी शिवारभर फिरवत बसतो.

ओळखायचं कसं, तर चालीवरून. हे मला कुठल्या माहितीपत्रकात मिळालं नाही, धनगर मामांकडून मिळालं. दरवर्षी ज्वारी निघाली की ते आमच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवतात. मामांनी आयुष्यात असलं यंत्र पाहिलं नव्हतं, पण हातात घेऊन एक मिनिटात म्हणाले, “ते तिकडं खोकड हाय, आन् ह्ये कुत्रं.” मला दोन्ही ठिपके सारखेच दिसत होते. मामांचं म्हणणं, कुत्रं वेडंवाकडं हुंगत जातं. लांडगा कामावर निघाल्यागत एका रेघेत जातो, शेपटी खाली. डुक्कर बारीक बारीक पावलं झपाझप टाकतं आणि त्याला मान नसते. त्यानंतर मी तसं पाहायला लागलो आणि दोनशे मीटरच्या पलीकडंही बरंच कळायला लागलं. यंत्राची भर एवढीच की खोकडाची झुपकेदार शेपटी अंगापेक्षा काळी दिसते, कारण दाट केस उष्णता बाहेर येऊ देत नाहीत. आणि चिखलात लोळून आलेलं डुक्कर अंगभर ठिगळं लावल्यासारखं, अर्धं काळं अर्धं पांढरं दिसतं. बॅटरीच्या उजेडात चमकतात तसे डोळे थर्मलमध्ये चमकत नाहीत. ज्यांनी आधी इन्फ्रारेड दिव्याचा नाईट व्हिजन कॅमेरा वापरला आहे ते लोक चमकणारे डोळे शोधत बसतात आणि वैतागतात. ती दोन यंत्रं वेगळी. नाईट व्हिजनला थोडा तरी उजेड लागतो, थर्मलला अमावास्या आणि पौर्णिमा सारखीच.

लांडगेही दिसले, त्याच दिवसांत. वाघुरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, मेंढ्या, भोवती मामांची कुत्री, आणि लांब नांगरटीत तीन पांढरे ठिपके, निवांत बसलेले. मामांना सांगितलं तर म्हणाले, “बसू द्या. ते रोज असत्यात.” कुत्र्यांनाही ठाऊक असावं, कारण ती मधून मधून त्याच दिशेला तोंड करून भुंकत होती. अभयारण्याच्या हद्दीत मात्र मी यंत्र घेऊन जात नाही. रात्रीचं तिथं जायला वनखात्याची परवानगी लागते, आणि रात्री दुर्बीण घेऊन हिंडणाऱ्या माणसाबद्दल वनरक्षकानं काय समजावं, हाही प्रश्न आहे.

एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. थर्मलमध्ये साप दिसत नाही. सापाचं अंग जमिनीच्याच तापमानाचं असतं, तो मातीत मिसळून जातो. पाणी दिलेल्या रानात घोणस असते हे इथं कोणाला सांगायला नको. यंत्रातून दूरचं सगळं लख्ख दिसत असतं म्हणून माणूस पायाखाली बघायचं विसरतो. शिवाय ज्या डोळ्यानं स्क्रीन बघितली तो डोळा नंतर अंधारात काही वेळ आंधळाच. म्हणून मी डाव्या डोळ्यानं बघतो, उजवा अंधाराला सरावलेला ठेवतो, आणि चालताना गमबूट आणि साधी बॅटरी. यंत्र डोळ्याला लावून चालायचं नाही.

यंत्राचा खरा फायदा डुकरं हाकलण्यात झालाच नाही. तो झाला वाट सापडण्यात. मी समजत होतो डुकरं उसाच्या बाजूनं येतात, कारण ऊस तिकडंच. आठवड्याभराच्या पहाटा बघितल्यावर कळलं की ती उसातून निघून ओढ्यात उतरतात, ओढ्यानं वर चालत येतात आणि रस्त्याखालच्या मोरीतून माझ्या रानात चढतात. कळपात पुढं एक मोठी मादी, मागं पिलांची रांग, रोज त्याच मोरीतून. सगळ्या रानाला कुंपण घालायची ऐपत नव्हती. मोरीच्या तोंडापासून दोन्ही बाजूंना थोडं अंतर सौर झटका यंत्राच्या तारा ओढल्या, खालची तार जमिनीपासून वीतभर. तारेला गवत टेकू नये म्हणून दर पंधरवड्याला खुरपावं लागतं, नाहीतर झटका जमिनीत जातो. त्या हंगामात भुईमूग बऱ्यापैकी हाताला लागला. डुकरं आता कुठून येतात ते परत शोधतो आहे, कारण ती येणं थांबलेली नाहीत, कमी झाली आहेत.

घ्यायचंच असेल कोणाला, तर भिंग आणि सेन्सर यांच्यावर पैसे घाला, झूमच्या आकड्यावर नको. चित्र सेकंदाला पंचवीसदा तरी बदललं पाहिजे, नऊवेळा बदलणाऱ्या स्वस्त यंत्रात पळणारं जनावर अडखळत पळतं आणि चाल ओळखू येत नाही. सेल बाहेर काढता येणारे बघा, ‘१८६५०’ नंबरचे. थंडीत ते लवकर उतरतात, एक जोड खिशात असावा. दिवसा यंत्र सूर्याकडं कधीही धरू नका, सेन्सर जळतो. आणि दुकानात न बघता, संध्याकाळी बाहेर रस्त्यावर नेऊन, दोनशे मीटरवरचं कुत्रं आणि शेळी वेगळी ओळखता येतात का ते बघूनच पैसे द्या. दुकानदार रायफलवर बसणारं मॉडेल पुढं सरकवू लागला तर ते तिथंच राहू द्या. त्यातली फुली आणि बंदुकीचा धक्का सोसणारी बांधणी, दोन्हीचे जादा पैसे असतात, आणि आपल्या रानात दोन्हीचा उपयोग नाही.